नऊ नंबरचं वाक्य

नागपुरात मे महिन्यात स्वेटर घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रूमचे ते प्रमुख होते. प्रमुख म्हणजे त्यांच्या हाताखाली मी एकटी. मशीनसाठी आत सदैव एअर कंडिशनर चालू असे आणि बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भट्टी. ये-जा करताना मी अंगावरची शाल काढायची, पुन्हा घालायची. सर स्वेटर काढतच नसत. चौकशीच्या खिडकीवर बसणारे वानखेडे त्यांना म्हणायचे, "सर, तुमाले पाहूनच आमाले घाम येते." सर म्हणायचे, "मग नका पाहू. माह्याकडे कोनी पाहावं असं काही लिहिलंच नाही मी."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कॉन्व्हेंटमधून शिकलेली, मराठी वाचताना अजूनही मनातल्या मनात जरा अडखळणारी. ही नोकरी मी धरली ती माणसांशी बोलावं लागणार नाही म्हणून. मशीनसमोर बसायचं, लिहायचं, घरी जायचं. पहिल्याच दिवशी सरांनी मला मशीनच्या खोलीतून बाहेर काढलं आणि चौकशीच्या खिडकीसमोर नातेवाइकांसाठी जो लांब बाक होता त्यावर नेऊन बसवलं.

"आठ दिवस इथं बसा लागते," ते म्हणाले. "लोक खिडकीत येऊन काय विचारतात तेवढं लिहून आण."

संध्याकाळी मी वही दाखवली. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे इंग्रजीत विचारलं का कोनी?"

"नाही, सर."

"मग इंग्रजीत काहून लिहिलं?"

दुसऱ्या दिवसापासून मी जसं ऐकू येई तसं लिहू लागले. जेवला का. झोप लागली का. माणसं ओळखते का. माझं नाव घेतलं का. प्रकृती कशी आहे असं आठ दिवसांत फक्त एका माणसाने विचारलं आणि तो विमा कंपनीचा होता.

काम असं होतं. साथीच्या रोगांचा वॉर्ड वेगळा होता आणि तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत. म्हणून प्रयोगादाखल त्या वॉर्डात एक टर्मिनल, म्हणजे कीबोर्ड आणि काचेचा पडदा, ठेवलं होतं आणि एक चौकशीच्या खिडकीत. वॉर्डातली सिस्टर पेशंटचा नंबर टाकून एक ते नऊपैकी एक आकडा दाबणार. खिडकीवर कोणी विचारायला आलं की वानखेडे तोच पेशंट-नंबर टाकणार, आणि मधल्या खोलीत बसलेलं आमचं मशीन त्या आकड्याचं वाक्य जुळवून खिडकीतल्या टर्मिनलच्या काचेवर पाठवणार. सगळी करामत आमच्या खोलीत. खिडकीत फक्त अक्षरं उमटायची, हिरवी.

"वाक्य इथं बनते," सर सांगायचे, "अन् वाचनारा तिथं राहते. मधात भिंत आहे. तो हसते का रडते तुले दिसनार नाही. म्हणून आधी त्याले पाहून घे, मग लिही."

काचेवर इंग्रजी अक्षरांखेरीज दुसरं काही उमटत नसे. सरांनी त्या अक्षरांत मराठी लिहिली. अधीक्षक साहेबांना ते अजिबात आवडलं नव्हतं. एवढं परदेशी मशीन आणि त्यावर 'जेवले' लिहिता? सर म्हणाले, "जेवलेच तर आहेत, साहेब."

प्रत्येक वाक्य खिडकीत जाण्याआधी ते मोठ्याने वाचायचे. एकदा घाईत असलेल्या माणसासारखं, एकदा वाचता न येणाऱ्या बाईला दुसऱ्याने वाचून दाखवावं तसं, आणि एकदा रडून रडून घसा बसलेल्या माणसासारखं. तिन्ही वेळा चाललं तरच ते राहायचं. 'प्रकृती स्थिर आहे' हे माझं पहिलं वाक्य दुसऱ्याच वाचनाला पडलं. सर म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "स्थिर म्हंजे काय वं माय? हालूनच नाही राहिला का?" मी ते खोडलं.

अशी आठ वाक्यं तयार झाली. एक, जेवले. दोन, झोपले आहेत. तीन, ताप उतरला. अशी आठपर्यंत. ती मला आजही पाठ आहेत.

नऊ म्हणजे पेशंट गेला. नऊचं वाक्य नव्हतं.

*

त्यांच्या टेबलावर एक जाड, काळ्या पुठ्ठ्याची वही असे. प्रोग्रॅम चालतो की नाही हे तपासायला खोटे पेशंट लागतात. मी कॉलेजात शिकताना तपासणीसाठी मनाला येतील ती नावं टाकायची. इथे तसं करायला गेले तेव्हा सरांनी माझा हात धरला नाही, पण कीबोर्डवर स्वतःचा तळहात पसरला.

"हे नाव कोनाचं आहे?"

"कोणाचं नाही, सर. सुचलं म्हणून."

"सुचलं म्हंजे कोनाचं तरी असनार. या शहरात असन, नाही तर अमरावतीत असन. त्याले तू आता खाटेवर टाकून राहिली." मग त्यांनी वही पुढे केली. "यातलं घे."

वहीत चाळीस नावं होती. प्रत्येकासमोर खाट नंबर. सगळे वॉर्ड दहामध्ये. आमच्या हॉस्पिटलात वॉर्ड नऊच होते.

"हे कोण आहेत, सर?"

"गेलेले आहेत," ते म्हणाले. "माह्या ओळखीचे. त्याइले आता काही होत नाही."

रोज सकाळी मशीन सुरू झालं की सर आधी या चाळीस जणांची हजेरी घेत. एकेकाचा नंबर टाकायचा, एक ते आठपैकी काहीतरी दाबायचं, काचेवर काय उमटतं ते पाहायचं आणि वहीत खूण करायची. मशीन तपासायची ती चांगलीच रीत होती, नाही असं नाही. पण खूण करताना ते पुटपुटायचे. "दोन दिस झाले, जेवून नाही राहिला हा." मग पुन्हा नंबर टाकून एक दाबायचे आणि 'जेवले' उमटलं की मान हलवून पुढच्या नावाकडे वळायचे. मी पाठमोरी बसून माझं काम करायचे. खोलीतली थंडी मशीनची आहे हे मला माहीत होतं.

वानखेडे म्हणायचे, "सरांच्या वॉर्डात एकदम मस्त कारभार आहे. भरती चाळीस, सगळे जेवून-खाऊन ठणठणीत. आपल्याकडचे मात्र पटापट..." मग माझ्याकडे पाहून ते थांबायचे.

एका रविवारी मी सरांच्या घरी गेले होते, सक्करदऱ्याला. त्यांनी मशीनचं एक जाडं पुस्तक मला वाचायला दिलं होतं, ते परत करायचं होतं. त्यांनी स्वतःच चहा केला. एकटेच राहत. आम्ही अंगणात बसलो होतो तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी डोकं वर काढलं.

"काहून गा, काय म्हनते आमचा?"

"बरा आहे, मावशी," सर म्हणाले. "काल वरन-भात खाल्ला. झोप झाली."

"तिखट नाही ना देत त्याले?"

"नाही, नाही. सांगून ठेवलं आहे."

"मले ईचारत होता का?"

"ते वाक्य नाही मावशी आमच्याकडं," सर म्हणाले.

आजींनी मान डोलावली, मला 'बस वं पोरी' म्हणाल्या आणि भिंतीआड गेल्या. त्यांचा मुलगा आमच्याकडे भरती असणार असं समजून मी कितव्या वॉर्डात म्हणून विचारलं.

"दहात," सर म्हणाले. "सहा वर्षं झाली." आणि माझा कप उचलून आत धुवायला घेऊन गेले.

मी त्यानंतर त्यांच्या घरी गेले नाही. ऑफिसात मात्र त्यांच्याइतका सरळ माणूस मला दुसरा भेटला नाही. आवाज कधी चढला नाही, माझी चूक कधी चारचौघांत काढली नाही. हेही सांगायला हवं.

*

खिडकी सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात अधीक्षक साहेब खोलीत आले. चपला बाहेर काढायचा नियम ते पाळत नसत.

"नऊचं झालं का?"

"होऊन जाईल, साहेब."

"होऊन जाईल काय? एक ओळ आहे."

"ते काचेवरून नाही सांगता येत, साहेब. मी तिन्ही आवाजात वाचून पाहिलं. एकाही आवाजात जमत नाही."

"अहो, मशीन आहे ते. त्याला काय वाईट वाटणार आहे?"

"म्हणूनच म्हणतो," सर म्हणाले.

दारातून जाता जाता साहेबांनी मला बाहेर बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं की ती ओळ मी लिहावी, सरांना त्रास देऊ नये. मी हो म्हणाले. मला कोणालाच नाही म्हणता येत नसे. मी दोन शब्दांचं एक इंग्रजी वाक्य कागदावर लिहिलं, वॉर्डात सिस्टर्स वापरतात तेच. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. सर स्वतः काहीतरी करतील, त्यांच्या पाठीमागे कशाला, असं म्हणत तो तिथेच राहू दिला. वॉर्डात वीस खाटा होत्या. आज ना उद्या कोणीतरी नऊ दाबणार हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, साहेबांनाही. नारळ फुटला, टर्मिनलला हार घातला आणि खिडकी सुरू झाली.

पहिले बारा दिवस नऊ आला नाही. रोज सकाळी मी वॉर्डाची यादी पाहायची आणि नऊ नाही म्हणून श्वास सोडायची.

*

काटोलहून एक बाई रोज पहिल्या बसने यायच्या. पन्नाशीच्या. एरवी तिथल्या संत्र्याच्या बाजारात फळं निवडायला जायच्या. नवऱ्याला कावीळ होऊन ती डोक्यात चढली होती आणि तो साथीच्या वॉर्डात होता. त्या रोज डबा आणायच्या. वॉर्ड तो घेत नसे. मग त्या बाकावरच्या कोणालातरी खाऊ घालायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत जायच्या.

त्या दिवशी वानखेडे रजेवर होते म्हणून वॉर्डाची यादी पाहण्याआधीच सरांनी मला खिडकीत बसवलं. मी नको म्हणणार होते, तोवर ते निघूनही गेले होते. साडेआठला काटोलच्या बाई आल्या.

"तो हसरा भाऊ नाही आला का आज? बरं, तू सांग माय. कसं हाय आमच्या मानसाचं?"

मी नंबर टाकला. पहिल्या ओळीत नाव आलं. दुसऱ्या ओळीत वॉर्ड आणि खाट. तिसऱ्या ओळीत जे आलं ते मी वाचलं.

"दूध घेतलं. झोप लागली आहे."

बाईंनी दोन्ही हात जाळीवर ठेवले. "दूध पेले? खरंच? अवं, चार दिसांपासून थेंब नोता घेतला!" त्या वळून बाकावरच्या सगळ्यांना सांगू लागल्या. "दूध पेले म्हने! आता झोपून राहिले!" कोणीतरी म्हणालं, चला, सुटले. मीही हसले असेन.

मग पुढचा माणूस आला, त्याच्या पुढचा आला. दोन-तीन जण झाल्यावर माझ्या लक्षात आलं. आठही वाक्यं मला पाठ होती. हे त्यांतलं नव्हतं.

सरांनी काल नवीन घातलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. अकरा वाजता बाई पुन्हा आल्या. पुन्हा तेच उमटलं. दूध घेतलं. झोप लागली आहे. हिरवी अक्षरं, तीच, जागची न हललेली. "झोपू दे, झोपू दे," बाई म्हणाल्या. "बहू दिसाची झोप हाय." आणि डबा उघडून शेजारणीला भाकर देऊ लागल्या.

मी वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, "ते? अहो, ते पहाटेच गेले. मी साडेसहालाच नऊ दाबलाय. तुम्ही बाईंना सांगितलं नाही अजून? खिडकी त्यासाठीच आहे ना?"

मी फोन ठेवला आणि उठले.

सरांकडे जाऊन मी नीट सांगू शकले नाही. फक्त "नऊ आला" एवढंच म्हणाले. ते उठून माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आले. काचेवर ते वाक्य तसंच होतं. त्यांनी खाली वाकून ते वाचलं. या वेळी कोणाच्याही आवाजात नाही, ओठही न हलवता.

"हे तर आमच्या घरचं आहे," ते म्हणाले.

नंतर मी प्रोग्रॅम उघडून पाहिला. प्रत्येक चौकशीच्या सुरुवातीला वाक्याची जागा कोरी करून घ्यायची असते, मागचं काही उरू नये म्हणून. ते त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये ती जागा कोरी नव्हती. तिथे हे एक वाक्य ठेवलेलं होतं. एक ते आठ आकडा असला की ते पुसून दुसरं वाक्य यायचं. नऊला ते पुसणारं दुसरं वाक्यच नव्हतं, म्हणून ते उरायचं. हे आधीच कळलं असतं. पण चाळीस जणांपैकी एकालाही त्यांनी कधी नऊ दाबून पाहिलं नव्हतं.

ते बाहेर बाकाकडे गेले. मी जाळीच्या आत उभी राहिले. बाईंनी सरकून जागा दिली.

"बाई," सर म्हणाले, "तुमचं मानूस पहाटे गेलं."

"कुठं गेलं?" बाई म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. "न्हाई. न्हाई, भाऊ. आत्ता तर दूध पेले म्हने. त्या पोरीनं वाचलं. दोनदा वाचलं."

"ते दूध तुमच्या मानसानं नाही घेतलं. ते माह्या घरच्या बाईनं घेतलं."

"तुमच्या? ती कुठं हाय?"

"ती गेली. एकोनीस वर्षं झाली. मीही असाच बाकावर बसून होतो. आतून निरोप आला, दूध घेतलं, झोप लागली. मी म्हटलं, झोपू द्या. चहा पिऊन आलो. निरोप आला तेव्हाच ती नव्हती."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं त्या आता ओरडतील, जाळीशी येऊन मला काही बोलतील. बोलायलाच हवं होतं. त्यांनी हळूच विचारलं, "मंग तिले दूध कोन देऊन राहिलं, भाऊ?"

"मी," सर म्हणाले.

"रोज?"

"रोज."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना. सरांनी डबा हातात घेऊन झाकण दाबून दिलं, मग दोघं उठले आणि वॉर्डाच्या दाराकडे चालत गेले.

*

दुपारी सर परत आले आणि मशीनसमोर बसले. सुरुवातीचं ते वाक्य त्यांनी काढून टाकलं. तिथे कोरी जागा ठेवली. मग नऊच्या खाली प्रोग्रॅमच्या तीन ओळी लिहिल्या. मी ड्रॉवरमधला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"नऊले वाक्य नाही," ते म्हणाले. "नऊ आला की काच पूर्न काळी होईल आणि एकदा घंटी वाजन. खिडकीतल्या मानसानं उठून बाहेर जायचं, अन् बाजूला बसून सांगायचं. साहेबाले मी पाहून घेतो."

मग त्यांनी वही उघडली. तपासल्याशिवाय काहीही खिडकीत जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नियम होता. मी पहिल्या पानावरच्या, त्यांच्या कुठल्यातरी दूरच्या काकांच्या नावावर बोट ठेवलं. सरांनी पानं उलटली आणि वही शेवटच्या पानावर उघडी ठेवली. एकच नाव होतं. खाट चाळीस. त्यांनी नंबर टाकला. मग त्यांचं बोट नऊवर बराच वेळ नुसतं टेकून राहिलं.

दाबल्यावर ते उठले. "तू खिडकीत बस," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी खिडकीत येऊन बसले तेव्हा बाक रिकामा होता, फक्त मधोमध सर बसले होते. हात मांडीवर, पाय जुळवलेले, बाकीचे बसतात तसे. ते उठून जाळीपाशी आले.

"कसं आहे आमच्या घरी?" त्यांनी विचारलं.

मी वहीतला नंबर टाकला. काच काळी झाली. घंटी वाजली, अगदी लहान, एकदाच. सर परत जाऊन बाकावर बसले.

मी जागेवरून हलू शकले नाही. प्रोग्रॅम बरोबर चालला होता. तपासणी झाली होती, मी तिथूनच 'झालं सर' म्हणू शकत होते. सर माझ्याकडे पाहत नव्हते. ते वॉर्डाच्या दाराकडे पाहत होते. त्या काळ्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता, आणि मागे जाळी.

मी उठले. खिडकीच्या खोलीचं दार उघडून, वळसा घालून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी बसले. कोणाच्या इतकं जवळ मी सहसा बसत नाही.

"सर," मी म्हणाले. "काकू गेल्या."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "जवळ कोनी होतं का?"

"हो," मी म्हणाले. "मी होते."